शिऊरच्या बहिणाबाईंचा गुरुशोध

बहिणाबाई हे नाव घेतले की बहुतेकांना जळगावच्या बहिणाबाई चौधरी आठवतात, आणि ते साहजिकच आहे. त्यांची गाणी आपण शाळेपासून म्हणत आलो. पण त्यांच्याही अडीचशे वर्षे आधी एक बहिणाबाई होऊन गेल्या. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या आमच्या वैजापूर तालुक्यात, शिऊर गावी, त्यांची समाधी आहे. मी वैजापूरचा. लहानपणी शिऊरला जायचे म्हणजे समाधीपुढे हात जोडायचे, एवढेच ठाऊक होते. या बाईंनी काय सोसले आणि काय मिळवले, हे पुढे त्यांचे आत्मनिवेदनाचे अभंग वाचताना कळले. तेव्हापासून माझे मत झाले आहे, की चांगला गुरू कसा शोधावा हे कोणाला विचारायचे असेल, तर ते या बाईंना विचारावे.

बहिणाबाईंचा जन्म 1628 सालचा. वेरूळजवळचे देवगाव रंगारी हे त्यांचे माहेर. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. अंगणात खेळण्याच्या वयातच शिऊरच्या गंगाधरपंत पाठकांशी लग्न लागले. पंत तिशीतले, बिजवर, वेदविद्या शिकलेले आणि स्वभावाने तापट. पुढे भाऊबंदकीच्या कलहामुळे आईवडील, जावई आणि ही नऊ वर्षांची मुलगी असे सारे कुटुंब गाव सोडून निघाले. गोदाकाठाने, पंढरपूरमार्गे, भिक्षा मागत ही मंडळी अखेर कोल्हापुरात स्थिरावली.

कोल्हापुरात जयरामस्वामींची कीर्तने होत. त्यांत तुकारामांचे अभंग गायले जात. बहिणाबाईंनी तुकाराम पाहिले नव्हते. देहू कोणत्या वाटेने जायचे हेही त्यांना ठाऊक नसेल. पण ते शब्द कानी पडले आणि आपल्या मनातले कोणीतरी नेमके बोलते आहे असे त्यांना वाटले. गुरूची पहिली ओळख अशी झाली, नावावरून नव्हे, की जवळ राहतो म्हणूनही नव्हे, तर त्याच्या कामावरून.

याच सुमारास पंतांना एक गाय दान मिळाली. तिच्या वासराला बहिणाबाईंचा इतका लळा लागला, की ते कीर्तनालाही मागोमाग जाई. एकदा जयरामस्वामींनी कीर्तनात वासराच्या आणि या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. गावात बोलबाला झाला. पंतांचा संताप अनावर झाला. त्यांनी केसाला धरून बायकोला मारले आणि बांधून ठेवले. गायवासराने चारापाणी सोडले, आणि वासरू गेले. बहिणाबाई कित्येक दिवस शुद्धीवर नव्हत्या. याच अवस्थेत तुकाराम स्वप्नात आले आणि त्यांनी रामकृष्णहरी हा मंत्र दिला, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. तिथी आणि वारसुद्धा नोंदवला आहे: कार्तिक वद्य पंचमी, रविवार.

आजच्या वाचकाला स्वप्नातला गुरू पटेल न पटेल. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. खुद्द तुकारामांनाही बाबाजी चैतन्यांकडून हाच मंत्र स्वप्नातच मिळाला होता. त्यांनीही तिथी-वार नोंदवला, माघ शुद्ध दशमी, गुरुवार. ज्याचा ध्यास दिवसभर घ्यावा, तेच स्वप्नात येते. बहिणाबाईंच्या बाबतीत गुरू आधी ध्यासात आला आणि मग स्वप्नात.

मात्र घरात या स्वप्नाला वेगळाच अर्थ होता. बायको वेदपाठी ब्राह्मणाची, आणि गुरू केला तो शूद्र! लोक घरी येऊन बहिणाबाईंना पाहू लागले, त्यांना मान देऊ लागले, हेही पंतांना रुचेना. बायको गरोदर असताना तिला सोडून तीर्थाला निघून जायचे, असे त्यांनी ठरवले. बहिणाबाईंची कोंडी मोठी होती. पतिव्रताधर्मावर त्यांची श्रद्धा होती, नवऱ्याला सोडायचे नव्हते आणि तुकारामांनाही सोडायचे नव्हते. दोन्ही त्यांनी आपल्या अभंगांत मांडले आहे, काही झाकलेले नाही. निघण्याच्या बेतात असतानाच पंत आजारी पडले आणि महिनाभर अंथरुणाला खिळले. बहिणाबाईंनी त्यांची रात्रंदिवस सेवा केली. आपण तुकारामांची निंदा केली त्याचे हे फळ, असे पंतांच्या मनाने घेतले. बरे झाल्यावर तेच कुटुंब घेऊन देहूला निघाले.

देहूला पोहोचले तेव्हा देवळात आरती चालू होती आणि समोर तुकाराम उभे होते. स्वप्नात पाहिलेले रूप तेच, अशी बहिणाबाईंची खूण पटली. पुढे देहूतले दिवस सुखाचे नव्हते. मंबाजी गोसाव्याला वाटे, या ब्राह्मण कुटुंबाने आपले शिष्यत्व पत्करावे. आमचा गुरू ठरलेला आहे असे कळताच त्याने छळ मांडला, वाळीत टाकण्याच्या धमक्या आल्या. त्याच गावी मुलगी काशीचा जन्म झाला. मन इतके खचले, की जीव देण्याचाही विचार बहिणाबाईंच्या मनात येऊन गेला. त्या टिकल्या त्या रोजच्या कीर्तनावर. शिकणे म्हणजे मुख्यतः ऐकणे, ऐकलेले घरकाम करताना घोळवणे, आणि शिकवणारा अपमान कसा गिळतो हे जवळून पाहणे. मंबाजीचा जाच तुकारामांनाही चुकला नव्हता.

या शिकवणीचे फळ काय? गुरूसारखे बोलणारी आणखी एक शिष्या तयार झाली असती तर कौतुक नव्हते. इथे एका संसारी बाईला स्वतःचे शब्द सापडले. देहूतच त्यांना कवित्वाची स्फूर्ती झाली. चारशेहून अधिक अभंग, त्यांत स्वतःची जीवनकथा. मराठी स्त्रीने सांगितलेले हे पहिले आत्मचरित्र मानले जाते. वज्रसूचीच्या आधाराने, ब्राह्मण जन्माने ठरतो का, हा प्रश्न त्यांनी रोखठोक विचारला. शूद्र गुरूपुढे नमलेल्या ब्राह्मण स्त्रीने तो विचारावा, याला मोल आहे. वारकरी पंथाला इमारतीची उपमा देऊन ज्ञानदेवांना पाया आणि तुकारामांना कळस म्हणणारा, आजही घरोघर गायला जाणारा अभंग त्यांच्याच नावावर आहे. राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी, तुकाराम ही परंपराही त्यांनी सांगून ठेवली.

1650 साली तुकाराम गेले. बहिणाबाई पुन्हा देहूला आल्या आणि अठरा दिवस निराहार राहिल्या, असे परंपरा सांगते. पुढे समर्थ रामदासांचा सहवासही त्यांना लाभला, असेही म्हणतात. अखेरचा काळ शिऊरला गेला. 1700 साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अंत जवळ आल्याचे जाणून त्यांनी बाहेरगावी गेलेल्या मुलाला, विठोबाला, पत्र धाडून बोलावून घेतले आणि आपल्या आधीच्या बारा जन्मांची कथा त्याला सांगितली. गुरूकडून मिळालेले पुढच्या हाती द्यायचे, हे काम त्यांनी शेवटच्या घटकेपर्यंत केले.

हे सारे आजच्या घरात कशासाठी आठवायचे? वैजापूरला काय किंवा पुण्याला काय, जून आला की आईवडील क्लासच्या चौकशीला लागतात. निकाल किती टक्के, फी किती, जाहिरातीत कोणाचे फोटो, हे सगळे विचारतात. विचारावेच. पण गुरू त्याच्या कामावरून ओळखायचा, अडचणीत तो कसा वागतो ते पाहायचे आणि आपल्याला आपले शब्द सापडतात का ते तपासायचे, असा धडा बहिणाबाईंच्या आयुष्यातून मिळतो. म्हणून मी विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो: मुलाला आठ दिवस नव्या सरांकडे पाठवा आणि संध्याकाळी जेवताना त्याचे बोलणे ऐका. तो नुसते सरांचे गोडवे गात असेल, तर थोडे थांबा. गणितातली एखादी अडलेली गोष्ट ताटावर बोटाने रेघा ओढून तुम्हाला समजावू लागला, तर त्याला गुरू भेटला असे खुशाल समजा.