जास्त वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरने जळणारा स्पीकर बनवणारे पीटर वॉकर

अ‍ॅम्प्लिफायर जितका दणकट, तितका स्पीकर भारी वाजणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण १९५७ साली इंग्लंडमध्ये एक असा स्पीकर बाजारात आला, ज्याला १५ वॅट पुरायचे आणि १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर न सांभाळता लावला तर तो जळायचा. तो बनवला होता पीटर वॉकर यांनी.

वॉकर यांचा जन्म १९१६ चा. विशीतच, १९३६ मध्ये, त्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली. सुरुवातीचा धंदा होता सार्वजनिक कार्यक्रमांच्या लाऊडस्पीकर यंत्रणांचा. महायुद्धात बॉम्बहल्ल्यामुळे लंडनची जागा गेली आणि १९४१ मध्ये कंपनी हंटिंग्डन या लहान गावात आली. युद्धानंतर त्यांनी घरात संगीत ऐकणाऱ्यांकडे लक्ष वळवलं. १९५३ मध्ये आला व्हॉल्व्हवर चालणारा १५ वॅटचा 'क्वाड टू' अ‍ॅम्प्लिफायर. वॉकर स्वतः फ्लूट वाजवायचे, त्यामुळे खरं वाद्य कसं ऐकू येतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मग आला तो स्पीकर, 'क्वाड ईएसएल'. दिसायला थेट खोलीतल्या हीटरसारखा! यात नेहमीचा कागदी कोन नव्हता. छिद्रं असलेल्या दोन प्लेट्समध्ये प्लास्टिकची अतिशय पातळ फिल्म ताणलेली आणि तिच्यावर हजारो व्होल्टचा दाब. फिल्म जवळजवळ वजनरहित, म्हणून आवाज कमालीचा स्वच्छ.

पण अ‍ॅम्प्लिफायरसाठी हे प्रकरण अवघड होतं. स्पीकर विजेला जो विरोध करतो त्याला इम्पिडन्स म्हणतात. या स्पीकरचा इम्पिडन्स खालच्या सुरांना ३० ओहमच्या वर, तर अगदी वरच्या सुरांना २ ओहमच्या आसपास. त्यात तो कपॅसिटरसारखा वागायचा. काही अ‍ॅम्प्लिफायर अशा लोडवर बिथरायचे. दुसरीकडे व्होल्टेज साधारण ३३ च्या पुढे गेलं की आत ठिणगी पडून फिल्मला भोक! म्हणजे अशक्त अ‍ॅम्प्लिफायर चालत नाही आणि पैलवानही चालत नाही.

वॉकर यांनी ही जुळवाजुळव ग्राहकाच्या नशिबावर सोडली नाही, हे त्यांचं वेगळेपण. १९६७ च्या ट्रान्झिस्टरवाल्या 'क्वाड ३०३' मध्ये पॉवर सप्लाय असा बांधला होता की व्होल्टेज मर्यादेपुढे जाणारच नाही. सोबतच्या '३३' या प्रीअ‍ॅम्प्लिफायरमध्ये रेकॉर्ड प्लेअरसाठी एक छोटं सर्किट बोर्ड होतं. ते काढून वेगळ्या बाजूने बसवलं की वेगळ्या पिकअपशी जुळायचं. घासलेल्या रेकॉर्डची खरखर कमी करायला फिल्टरही दिले होते.

१९७५ चा १०० वॅटचा 'क्वाड ४०५' जुन्या ईएसएलला लावायचा तर त्यात लिमिटर बसवावा लागे. याच अ‍ॅम्प्लिफायरच्या तंत्रासाठी कंपनीला १९७८ मध्ये क्वीन्स अवॉर्ड मिळालं.

त्याच वर्षी एक गंमत झाली. क्वाड टू, ३०३ आणि ४०५ हे तीन पिढ्यांचे अ‍ॅम्प्लिफायर कोणता वाजतोय ते न सांगता जाणकारांना ऐकवले गेले. त्यांना फरक खात्रीने ओळखता आला नाही. स्वतःचा नवा, महागडा माल जुन्यासारखाच ऐकू येतो हे जगजाहीर होऊ देणारा कंपनीमालक विरळाच. वॉकर यांच्या मते मात्र नीट बनवलेले आणि क्षमतेच्या आत चालवलेले अ‍ॅम्प्लिफायर सारखेच ऐकू यायला हवेत.

१९६३ मध्ये काम सुरू केलेला नवा स्पीकर, 'ईएसएल-६३', १९८१ मध्ये विक्रीला आला. अठरा वर्षं! यात जास्त व्होल्टेजपासून बचाव करणारं सर्किट स्पीकरच्या आतच होतं. जुन्या ईएसएलचं उत्पादन १९८५ मध्ये थांबलं, तोवर पन्नास हजारांहून जास्त बनले होते.

वॉकर २००३ मध्ये गेले. त्यांचे जुने स्पीकर आजही नव्या फिल्म बसवून वाजवले जातात, आणि जोडी विकत घेणाऱ्याला पहिला प्रश्न आजही तोच पडतो : घरचा अ‍ॅम्प्लिफायर किती व्होल्ट देतो?