बळी तो कान पिळी, हा निसर्गनियम नव्हे

यंत्रमागाच्या धंद्यात मंदी आली की भिवंडीतील लहान मागवाला आपले माग भंगारात विकतो आणि कामगार गावाची वाट धरतो. दुबळ्यांनी नष्ट व्हावे हा निसर्गाचाच नियम होय, असा युक्तिवाद अशा वेळी हटकून केला जातो व त्यासाठी डार्विनचा दाखला दिला जातो. या युक्तिवादातील फोलपणा ज्यांच्या कार्यामुळे स्पष्ट होतो, त्या जे. बी. एस. हॉल्डेन यांचे स्मरण म्हणूनच अगत्याचे ठरते.

५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे जन्मलेल्या हॉल्डेन यांनी पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून भाग घेतला. १९२४ पासून त्यांनी नैसर्गिक निवडीला गणिताची बैठक देण्यास आरंभ केला. मँचेस्टर परिसरात १८४८ मध्ये प्रथम नोंदला गेलेला काळा पतंग १८९५ पर्यंत शेकडा ९८ या प्रमाणात आढळू लागला होता. एवढ्या अल्पावधीत हे घडण्यासाठी काळ्या पतंगांची संतती फिकट पतंगांच्या जवळजवळ दीडपट टिकली पाहिजे, असे हॉल्डेन यांनी गणिताने दाखविले. काळा पतंग अधिक बलवान होता असे मुळीच नाही. काजळीने काळवंडलेल्या झाडांवर तो पक्ष्यांना दिसत नसे, इतकेच. १९५६ च्या कायद्यानंतर ब्रिटनमधील हवा निवळत गेली, तसे फिकट पतंग पुन्हा वाढले.

१९४९ मध्ये त्यांनी आणखी एक महत्त्वाचा विचार मांडला. थॅलॅसेमियासारखा घातक रक्तदोष भूमध्य सागराच्या परिसरात टिकून का राहतो? दोषाचे एकच जनुक लाभलेल्या व्यक्तीला हिवतापापासून संरक्षण मिळत असावे, हे त्यांचे उत्तर होते. सिकलसेलच्या बाबतीत १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत त्याचा पुरावा दिला. नंदुरबार, गडचिरोलीतील आदिवासींमध्ये आढळणाऱ्या सिकलसेलचा अर्थही याच विचाराने लागतो. हिवताप ओसरला की संरक्षणाचा लाभ संपतो, परंतु दोन्ही पालकांकडून जनुक आलेल्या मुलाच्या वाट्याला दुखणे मात्र तसेच येते. एका परिस्थितीतील ठेव दुसऱ्या परिस्थितीत कर्ज ठरते.

हॉल्डेन यांनी वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांवर आणि सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्यांवर १९३८ मध्येच ग्रंथरूपाने कठोर टीका केली होती. सुवेझवरील ब्रिटिश आक्रमणाचा निषेध म्हणून १९५७ मध्ये ते भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले आणि पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व पत्करले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला.

निसर्गात काय घडते हे नैसर्गिक निवड सांगते. समाजाने काय करावे याचा आदेश ती देत नाही. सुताचे भाव, विजेचे दर आणि कर्जाच्या अटी माणसे ठरवितात, तेव्हा त्यांच्या परिणामांची जबाबदारी निसर्गावर ढकलता येणार नाही. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. विवाहापूर्वीची रक्ततपासणी आणि समुपदेशन दूरच्या पाड्यांपर्यंत पोहोचविणे हे आता शासनाचे व सुशिक्षितांचे कर्तव्य आहे.