निवेदक रिचर्ड डिंबल्बी

राजे, सेनापति आणि ग्रंथकार यांचीं चरित्रें आपण शाळेंत पुष्कळ वाचतों. ज्याच्या नांवावर एकहि लढाई नाहीं, कायदा नाहीं, आणि ज्याचें बहुतेक कर्तृत्व बोलल्याबरोबर हवेंत विरून गेलें, अशा गृहस्थाचें चरित्र लिहावयाचें म्हणजे काम जरा अवघडच. तरीहि इंग्लंडमधील नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवरील सुप्रसिद्ध निवेदक रिचर्ड डिंबल्बी यांच्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें. कारण ऐकणाऱ्यानें आपल्या शब्दावर विश्वास कां ठेवावा, या प्रश्नाशीं त्यांची गांठ आयुष्यांत अनेकदां पडली.

त्यांचा जन्म ता. २५ मे १९१३ रोजीं लंडनजवळील रिचमंड येथें झाला. घराण्याचें एक स्थानिक वृत्तपत्र असल्यामुळें छापखान्याची शाई त्यांस लहानपणापासूनच परिचयाची. मिल हिल येथील शाळा सोडल्यावर त्यांनीं वृत्तपत्रांत उमेदवारी केली व १९३६ सालीं ते बी. बी. सी. मध्यें नोकरीस लागले. त्या काळीं नभोवाणीवरील बातम्या म्हणजे वृत्तसंस्थांकडून आलेला मजकूर संथ सुरांत वाचून दाखवावयाचा, एवढाच प्रकार होता. घटना जेथें घडते तेथें आपला माणूस जावा आणि ज्यानें ती डोळ्यांनीं पाहिली त्यास बोलतें करावें, अशी कल्पना या तेवीस वर्षांच्या तरुणानें वरिष्ठांपुढें मांडली. त्याच वर्षीं ३० नोव्हेंबरच्या रात्रीं लंडनमधील क्रिस्टल पॅलेस हें काचेचें प्रचंड भवन जळून खाक झालें, तेव्हां डिंबल्बी यांनीं आगीच्या जागेवरून टेलिफोननें वृत्तांत दिला. घरबसल्या श्रोत्यांस अशा गोष्टीची तोंवर संवय नव्हती.

१९३९ सालीं महायुद्ध पेटलें, आणि बी. बी. सी. चे पहिले युद्धवार्ताहर म्हणून ते फ्रान्समध्यें गेले. पुढें ईजिप्तचें वाळवंट झालें. १९४३ च्या जानेवारींत तर गाय गिब्सन या नामांकित वैमानिकाच्या विमानांत बसून त्यांनीं बर्लिनवरील हवाई हल्लाहि स्वतः पाहिला. परंतु त्यांची खरी कसोटी अद्याप लागावयाची होती.

ता. १५ एप्रिल १९४५ रोजीं ब्रिटिश फौजेनें उत्तर जर्मनींतील बेल्सेन येथील नाझी छळछावणी ताब्यांत घेतली. आंत सुमारें ६०,००० माणसें कशीबशी जीव धरून होतीं आणि सुमारें १३,००० प्रेतें दफनावांचून पडलेलीं होतीं. उपासमार व टायफसची सांथ यांनीं इतका कहर केला होता कीं सुटकेनंतरहि हजारों लोक दगावले. डिंबल्बी हे आंत शिरलेल्या पहिल्या वार्ताहरांपैकीं होते. भ्रमिष्ट झालेली एक माता शिपायापाशीं आपल्या तान्ह्यासाठीं दूध मागत होती. शिपायानें चिंध्यांचें गांठोडें उघडून पाहिलें, तों बाळ कित्येक दिवसांपूर्वींच मेलेलें. असें जें जें दिसलें तें तें त्यांनीं दाटल्या कंठानें, परंतु साध्या शब्दांत, ध्वनिमुद्रित करून लंडनला पाठविलें.

लंडनच्या कचेरींत त्यावर कोणाचा विश्वास बसेना. दुसरीकडून दुजोरा मिळेपर्यंत हें प्रसिद्ध करूं नये, असा तेथील अधिकाऱ्यांचा विचार पडला. आमच्या मतें त्यांस सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. पहिल्या महायुद्धांत शत्रूच्या क्रौर्याच्या कित्येक खोट्या कथा पसरल्या होत्या, आणि एकदां पोळलेला मनुष्य ताकहि फुंकून पितो. पण डिंबल्बी यांनीं स्पष्ट कळविलें कीं हा वृत्तांत ऐकविला नाहीं, तर यापुढें आपण ध्वनिक्षेपकासमोर बसणार नाहीं. अखेर ता. १९ एप्रिल रोजीं, कांहीं काटछांट होऊन का होईना, तो ऐकविला गेला. ज्यांनीं तो ऐकला त्यांच्यापैकीं कोणासहि पुढें नाझी राजवटीविषयीं अजाण राहतां आलें नसेल.

युद्धानंतर, १९४६ सालीं, नोकरी सोडून ते स्वतंत्रपणें काम करूं लागले. ता. २ जून १९५३ रोजीं राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक झाला. वेस्टमिन्स्टर ॲबेच्या उंच सज्जांत बसून त्यांनीं केलेलें निवेदन ब्रिटनमध्यें २ कोटींहून अधिक लोकांनीं ऐकलें. अशा प्रसंगांची तयारी ते परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणें करीत; पोशाख, पदव्या, मानकऱ्यांचा क्रम, सारें टिपून ठेवीत. राजघराण्याविषयीं बोलतांना त्यांचा सूर फारच विनम्र होतो, अशी थट्टा टीकाकार करीत, आणि ती अगदींच निराधार नव्हती असें आम्हांस वाटतें.

१९५५ पासून ते ‘पॅनोरमा’ या साप्ताहिक कार्यक्रमाचे सूत्रधार झाले. ता. १ एप्रिल १९५७ रोजीं त्याच गंभीर आवाजांत त्यांनीं सांगितलें कीं दक्षिण स्वित्झर्लंडमध्यें यंदा स्पॅगेटीचें पीक उत्तम आलें आहे! स्पॅगेटी म्हणजे इटलींतील लांब शेवया. त्या झाडांवर लोंबत आहेत व शेतकऱ्यांच्या बायका त्या तोडून उन्हांत वाळवीत आहेत, असें चित्रहि दाखविलें. ब्रिटनमध्यें तो पदार्थ तेव्हां फारसा माहीत नव्हता. हें झाड कसें लावावें, अशी चौकशी करणारे टेलिफोन कचेरींत खणखणूं लागले. ज्या आवाजानें बारा वर्षांपूर्वीं बेल्सेनचें सत्य पटवून दिलें, तोच आवाज थापेसाठीं वापरावा काय? हंसू आवरत नाहीं, तरी हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं.

१९६० सालीं त्यांस कर्करोग जडल्याचें निष्पन्न झालें. त्या काळीं या रोगाचें नांव घेणेंहि लोक टाळीत. डिंबल्बी यांनींहि पांच वर्षें ही गोष्ट बाहेर फुटूं दिली नाहीं. उपचार घेत घेत काम चालूं ठेविलें, ता. ३० जानेवारी १९६५ रोजीं चर्चिल यांच्या अंत्ययात्रेचें निवेदनहि त्यांनींच केलें. त्याच मे महिन्यांत राणीच्या जर्मनीच्या दौऱ्यांत, यंत्र बंद आहे अशा समजुतीनें ते वैतागून जें पुटपुटले तें घराघरांत ऐकूं गेलें, व धर्मशील श्रोत्यांचा रोष ओढवला. त्या वैतागामागें किती वेदना होत्या हें श्रोत्यांस कोठून ठाऊक असणार?

शेवटीं नोव्हेंबर १९६५ मध्यें, त्यांच्याच संमतीनें, रोगाचें नांव न लपवितां तो जाहीर करण्यांत आला. अनोळखी लोकांचीं पत्रें हजारोंनीं आलीं. ता. २२ डिसेंबर रोजीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत, वयाच्या ५२ व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवें कर्करोगाच्या संशोधनासाठीं व रुग्णसेवेसाठीं निधि उभारला गेला. डेव्हिड व जोनाथन हे पुत्रहि पुढें नामवंत निवेदक झाले. १९९० सालीं वेस्टमिन्स्टर ॲबेंत, जेथें उंच सज्जांत बसून त्यांनीं राज्याभिषेकाचें निवेदन केलें होतें, तेथेंच खालीं त्यांच्या नांवाची शिला बसविण्यांत आली.