पाटीलबुवा महादजी शिंदे

गावचा पाटील म्हणजे सरकार आणि रयत यांमधील दुवा. पातशाही असो वा पेशवाई, राजाचा अंमल गावाच्या वेशीत येई तो पाटलाच्या हातून. साऱ्याचा आकार ठरला की वसुलीस पाटील जामीन. पीक बुडाले तर कमाविसदारापुढे उभे राहून सूट मागावयाची तीही त्यानेच. वसूल थकला म्हणजे सरकारी प्यादे प्रथम पाटलालाच धरीत. कागद कुलकर्णी लिही व त्यावर पाटील नांगराची निशाणी करी. या जबाबदारीबद्दल इनाम जमीन व होळी-पोळ्याचा मान मिळे. अशाच एका पाटील घराण्यातील पुरुषाने हा जामीनकीचा धर्म थेट दिल्लीच्या तख्तापर्यंत नेला. ते महादजी शिंदे होत.

शिंद्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड. तेथील पाटीलकी त्यांच्या घराण्याकडे होती. वडील राणोजी हे बाजीराव पेशव्यांचे नामांकित सरदार. बंधू जयाप्पा नागोरास, तर दत्ताजी बुराडी घाटावर कामी आले. इ. स. १७६१ च्या पानिपतावर महादजींचा पाय कायमचा अधू झाला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचविले. हे उपकार ते विसरले नाहीत. राणेखानास त्यांनी भाऊ मानले व सरदारकीस चढविले.

इ. स. १७६८ मध्ये घराण्याची सरदारी त्यांच्याकडे आली. इ. स. १७७१ साली मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि पुढील वर्षाच्या आरंभी शाहआलम बादशहास राजधानीत आणले. त्या कामी महादजी अग्रेसर होते.

इ. स. १७८२ साली पेशवे व इंग्रज यांच्यात सालबाईचा तह झाला. तो महादजींच्या मध्यस्थीने झाला आणि उभयपक्षी जामीन राहिले तेही महादजीच. गावचा पाटील सरकार व रयत यांमध्ये जसा उभा राहतो, तसेच ते दोन राज्यसत्तांमध्ये उभे राहिले.

इ. स. १७८४ मध्ये बादशहाने वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांच्या नावे दिले व महादजींना त्यांचे नायब केले. बादशाही फौज व कारभार त्यांच्या हाती आला. परंतु मध्यस्थाचे आसन काट्यांचे असते. बादशहास खर्चाला पैसा हवा, राजपूत राजे खंडणी देण्यास नाराज, आणि पुण्यात नाना फडणविसांना त्यांच्या वाढत्या सत्तेचा संशय. इ. स. १७८७ मध्ये लालसोटच्या प्रसंगी बादशाही पलटणी फितूर होऊन शत्रूस मिळाल्या व महादजींना माघार घ्यावी लागली. पुढील वर्षी गुलाम कादिराने दिल्लीत शिरून बादशहाचे डोळे काढले. महादजींची कुमक वेळेवर पोहोचू शकली नाही. मात्र त्याच वर्षी त्यांनी दिल्ली परत घेतली, अंध बादशहास पुन्हा तख्तावर बसविले आणि गुलाम कादिरास पकडले; पुढे इ. स. १७८९ मध्ये त्यास देहांत शासन केले.

एवढे वैभव असूनही ते स्वतःस पाटीलच म्हणवीत व लोकही त्यांना पाटीलबुवा म्हणत. इ. स. १७९२ मध्ये ते पुण्यास आले, तेव्हा बादशाही वस्त्रे व फर्माने त्यांनी सवाई माधवरावांस समारंभाने अर्पण केली. त्या वेळी पेशव्यांचे जोडे हाती घेऊन आपण शिंद्यांच्या घराण्यातील सेवक आहोत असे त्यांनी दाखविल्याची कथा प्रसिद्ध आहे. ते कृष्णभक्त असून स्वतः पदे रचीत.

दि. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे त्यांचे देहावसान झाले. तेथे त्यांची छत्री असून शंकराचे देवालयही आहे.

महाराष्ट्रात वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी दि. १ जानेवारी १९६३ पासून संपुष्टात आली. वतन गेले, तरी गावाच्या वतीने सरकारदरबारी उभे राहणाऱ्याची गरज संपलेली नाही. त्या जागी जो उभा राहील, त्याला दोन्हीकडचा बोल सोसावा लागतो. तो सोसून घेतलेला शब्द पाळणे हीच खरी पाटीलकी, हे महादजींच्या चरित्रावरून दिसते.