जलालपूरची मनू

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीजवळ बसून मी आमच्या घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी नावे भराभर मिळाली. पणजीचे नाव विचारले, तेव्हा आजी गप्प झाली. घरात सगळे तिला थोरली म्हणत, एवढेच तिला आठवत होते. पणजीचे माहेरचे नाव तर कोणालाच ठाऊक नव्हते. तो कागद अर्धाच राहिला. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हाती आले, आणि आपल्याच नाशिकजवळच्या खेड्यातल्या एका बाईने आपला धागा कसा तुटू दिला नाही, ते कळले.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी गोदाकाठच्या जलालपूर गावी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. घरात सारे मनू म्हणत. १८५७ च्या बंडात त्यांच्या आजोबांना फाशी झाली होती. त्या धक्क्याने वडिलांच्या मनावर परिणाम झाला आणि त्यांनी सोवळ्याचा अतिरेक आरंभला. बाजारातून आणलेल्या वस्तूही धुतल्याशिवाय घरात येत नसत. अशा घरात मनू वाढली. शाळेचे तोंडही तिने पाहिले नाही.

अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी तिचे लग्न झाले आणि मनूची लक्ष्मी झाली. बहुतेक बायकांच्या बाबतीत माहेरची गोष्ट इथेच संपते. टिळक कवी, बुद्धिमान, पण एका जागी स्थिर न राहणारे. पतीमुळेच लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांच्या आधाराने काही वर्षे पतीपासून वेगळ्या राहिल्या. त्या काळात त्यांना काय सोसावे लागले असेल, याची कल्पना आपण आज क्वचितच करू शकू.

पुढे त्या पतीकडे परतल्या, पण धर्म बदलून नव्हे. जातीचा विचार त्यांनी स्वतःच्या मनाशी केला. देवाने माणसे निर्माण केली, जाती माणसांनी केल्या, हे पटल्यावरच त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घेतले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या घरात सोवळ्याचा कडेलोट झाला होता, त्याच घरातल्या मुलीने हे करावे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. अहमदनगरच्या त्यांच्या घरात बालकवी ठोमरे मुलासारखे राहिले. प्लेगच्या साथीत त्यांनी रुग्णांची सेवा केली.

१९१९ साली टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. शाळेत न गेलेल्या या बाईने ते महाकाव्य पुरे केले. मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्रासाठी आईकडून आठवणी मागत होता. त्या आठवणींतूनच 'स्मृतिचित्रे' झाले व १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. चरित्र पतीचे व्हायचे होते. त्याबरोबर बाईंचे स्वतःचेही लिहून झाले. जलालपूर, वडिलांचे सोवळे, आई, भावंडे, सारे त्यात आले. पुढे नातू अशोक टिळक यांनी त्या पुस्तकाला टिपा जोडल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे नाशिकमध्येच निधन झाले.

लक्ष्मीबाईंनी लिहिले नसते, तर टिळकांच्या वंशावळीत लक्ष्मी हे नाव कदाचित राहिले असते. मनू मात्र गोदेच्या पाण्यात वाहून गेली असती. माझ्या पणजीने काही लिहिले नाही, कारण तिला लिहिताच येत नव्हते. आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिलीच. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पणजीच्या माहेरच्या गावी जाणार आहे. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला तिचे नाव आठवत असेल. आठवले, तर अर्ध्या राहिलेल्या कागदावर ते मी पहिल्यांदा लिहीन. आणि त्याच्या शेजारी, आजीला विचारून, आजीचेही माहेरचे नाव.