आय. ए. रिचर्ड्स : काव्यवाचनाची कसोटी

आयव्हर आर्मस्ट्राँग रिचर्ड्स यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८९३ रोजी इंग्लंडमधील चेशायर परगण्यात सँडबॅक येथे झाला. केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात प्रथम घेतलेला इतिहास हा विषय सोडून ते तत्त्वज्ञान-मानसशास्त्राकडे वळले. साहित्याकडे ते मानसशास्त्राच्या वाटेने आले, ही बाब त्यांच्या समीक्षेच्या दृष्टीने निर्णायक ठरली. सी. के. ऑग्डेन यांच्या सहकार्याने लिहिलेला अर्थविषयक ग्रंथ १९२३ मध्ये, तर समीक्षातत्त्वांवरील ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांची खरी कसोटी वर्गात लागली. कवीचे नाव व काळ न सांगता ते विद्यार्थ्यांना कविता देत आणि लेखी अभिप्राय मागवीत. डन, हॉपकिन्स, लाँगफेलो यांच्यासारख्या कवींच्या एकूण १३ कवितांवरील या अभिप्रायांचे विश्लेषण १९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये आले. निष्कर्ष अस्वस्थ करणारे होते. नामवंत विद्यापीठातील सुशिक्षित वाचकांनाही अनेकदा कवितेचा साधा वाच्यार्थ लागत नव्हता; साचेबंद प्रतिसाद, खासगी आठवणी आणि तंत्राविषयीचे पूर्वग्रह आड येत होते. अशा १० अडचणी रिचर्ड्स यांनी नोंदविल्या आणि वाच्यार्थ, भावना, सूर व हेतू असे अर्थाचे चार घटक मानले. नाव झाकताच मूल्यमापन डळमळते, तर साहित्यशिक्षणाने नेमके काय शिकविले, हा प्रश्न त्यामुळे टाळता येईनासा झाला.

१९३६ च्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात त्यांनी रूपकाच्या दोन अंगांना ‘टेनर’ व ‘व्हेइकल’ अशा संज्ञा दिल्या. उपमेय-उपमान या जोडीशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला त्यांत नवल वाटणार नाही. मात्र रिचर्ड्स यांचा भर अंगे ओळखण्यापेक्षा त्यांच्या परस्परक्रियेतून निष्पन्न होणाऱ्या अर्थावर होता. रूपक हे त्यांच्या मते भाषेवर चढविलेले भूषण नसून विचाराचाच व्यापार होता.

गिर्यारोहण हा त्यांचा आयुष्यभराचा छंद. पत्नी डोरोथी पिली यांच्यासह १९२८ मध्ये त्यांनी दाँ ब्लाँश शिखराची उत्तर धार प्रथम सर केली. १९२९-३० मध्ये त्यांनी पेकिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात अध्यापन केले. १९३९ पासून ते हार्वर्डमध्ये होते. मर्यादित शब्दसंख्येच्या ‘बेसिक इंग्लिश’च्या प्रसारासाठी त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली. समीक्षेतील कीर्ती ऐन भरात असताना ते प्राथमिक भाषाशिक्षणाकडे वळले, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. परंतु वाचकाला अर्थापर्यंत पोहोचविणे हे दोन्ही कार्यांचे उद्दिष्ट एकच होते.

१९७९ मध्ये चीनच्या दौऱ्यात ते आजारी पडले आणि ७ सप्टेंबर रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. त्यांची पद्धती पुढे महाविद्यालयांत रुजली, तसतशी काही ठिकाणी ती अलंकार व प्रतिमा यांची यादी करण्यापुरती आक्रसली. अलंकाराचे नाव सांगता येणे म्हणजे कविता कळणे नव्हे, हे तर त्यांच्या प्रयोगाचेच फलित होते.