होमी भाभा, दहा केबीचं मशीन आणि आपल्या ऑफिसातला सर्व्हर

मी लोह्याचा. इथल्या छोट्या दुकानांना आणि ऑफिसांना कॉम्प्युटर, सर्व्हर बसवून द्यायचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या ऐन हंगामात एका आडत दुकानाचा सर्व्हर बंद पडला. डेटाचा बॅकअप होता, नवीन मशीनही संध्याकाळपर्यंत आलं. पण जुना सर्व्हर मी हाताने सेट केला होता. युजर कोणते, प्रिंटर कसा जोडला, कोणती सेटिंग कुठे बदलली, हे सगळं फक्त माझ्या डोक्यात. आणि मी तापाने आडवा! तीन दिवस मालकांनी वहीवर हिशोब केला.

अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर मी होमी भाभांबद्दल वाचत होतो. आपली चूक काय झाली ते मला तिथे कळलं.

इंजिनिअरिंगकडून फिजिक्सकडे

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. पोराने इंजिनिअर व्हावं आणि जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यात लागावं, अशी घरच्यांची इच्छा. त्यांनी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास केलं आणि मग आपल्या आवडीच्या फिजिक्सकडे वळले. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांवरच्या कामामुळे जगात नाव झालं. चित्रं काढायचे, संगीताचं वेड होतं.

१९३९ मध्ये सुट्टीसाठी भारतात आले आणि तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं. परत जाणं राहून गेलं. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ते काम करू लागले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं आणि मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली. १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर सुरू झाली. आधी बंगळूरला, मग त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या एका बंगल्यात.

स्वतःच्या जागेत बांधलेला कॉम्प्युटर

भाभा म्हटलं की आपल्याला अणुऊर्जा आठवते. पण संशोधनाला प्रचंड आकडेमोड लागते, हे त्यांनी लवकर ओळखलं होतं. अमेरिकेत शिकून आलेले आर. नरसिंहन १९५४ मध्ये टीआयएफआरला आले आणि तरुणांची एक टीम कामाला लागली. असं मशीन भारतात तोवर कुणी बांधलेलं नव्हतं. आधी छोटं प्रायोगिक मशीन झालं, मग १९६० मध्ये पूर्ण कॉम्प्युटर चालू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफरॅक हे नाव दिलं.

त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. मेमरी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटचा. गुणाकार करून बघा, जेमतेम १० केबी. तुमच्या व्हॉट्सअॅपवरचा एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोकं पाडून. मला यातली गंमत अशी वाटली, की एकदा पट्टी तयार झाली की ती कुणीही मशीनला द्यावी. लिहिणारा घरी असो की परगावी, काम तसंच्या तसं होणार.

१९६४ मध्ये टीआयएफआरने अमेरिकेहून त्याहून कितीतरी मोठा सीडीसी ३६०० आणला. बाहेरच्या संस्थांचे लोकही त्यावर काम करू लागले.

माणूस गेला, काम चालू राहिलं

२४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. त्यात भाभा होते. वय फक्त ५६.

एवढा मोठा माणूस एका क्षणात गेला. पण टीआयएफआरचं दार बंद झालं नाही. कॉम्प्युटरचं काम चालू राहिलं, कारण ते करणारी माणसं तयार होती. ट्रॉम्बेच्या अणुसंस्थेला १९६७ मध्ये भाभांचंच नाव दिलं गेलं, तेच आजचं बीएआरसी. त्यांनी उभं केलेलं त्यांच्यावाचून चाललं. आणि मी बसवलेला एक सर्व्हर माझ्यावाचून तीन दिवस चालला नाही!

मग मी काय बदललं?

स्वतःच्या जागेत ठेवलेल्या सर्व्हरला ऑन-प्रिमाइस म्हणतात. आमच्याकडे नेट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून बरेच दुकानदार तोच पसंत करतात. आता मी त्याची मांडणी डोक्यात ठेवत नाही, फाइलमध्ये लिहितो. नवीन मशीन पीएक्सई नावाच्या सोयीने नेटवर्कवरूनच सुरू होतं आणि ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घेतं. मग अँसिबल हे फुकट मिळणारं टूल माझी फाइल वाचून युजर, प्रिंटर, बॅकअप सगळं ओळीने लावतं. तीच फाइल पुन्हा चालवली तर जे आधीच बरोबर आहे ते तसंच राहतं, बिघडलेलं तेवढं सुधारतं. म्हणजे ही माझी भोकांची पट्टीच झाली.

फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर मालकांच्या कपाटात असते. सोबत मराठीत लिहिलेलं एक पान, कोणतं बटण आधी दाबायचं ते सांगणारं. मागच्या दिवाळीत मी गावाला गेलो असताना मालकांच्या पुतण्याने एकट्याने सर्व्हर परत उभा केला. मला फोनसुद्धा आला नाही.

तुम्ही कुणाचा कॉम्प्युटर सेट करून देत असाल, तर आज एवढंच करा: काय काय केलं ते लिहून ठेवा, आणि ते दुसऱ्या कुणाकडून तरी एकदा करून घ्या.